साडूंचे बाभळीचे ठोकळे

उभ्या आंबेगाव तालुक्यात माझ्या थोरल्या साडूंइतका तेलावर जीव टाकणारा, आणि त्याच तेलावर काडीचाही भरवसा न ठेवणारा माणूस दुसरा सापडायचा नाही. लोणीच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं शेड आहे. तिथे जेसीबीचे, ट्रॉल्यांचे, झालंच तर कारखान्यांतल्या प्रेसचे हायड्रॉलिक सिलिंडर दुरुस्तीला येतात. सिलिंडरच्या रॉडवर केसाएवढा चरा असला तरी सील फाटतं आणि तेल गळतं, म्हणून साडू रॉडवर अंगठ्याचं नख फिरवून पाहतात. इथवर ठीक. पण त्यांचं नख चकचकीत दिसेल त्या प्रत्येक वस्तूवर फिरतं. लेण्याद्रीला गेलो तेव्हा कठड्याच्या पाइपात ते एवढे रमले, की आम्ही दर्शन घेऊन उतरताना अर्ध्या वाटेवर भेटले. गणपतीचं काय, असं विचारल्यावर म्हणाले, पाइपाला दोन जागी चरे आहेत.

माझ्या मुलीच्या लग्नाच्या बैठकीत व्याह्यांनी सहज विचारलं, आपण काय करता? साडूंनी खिशातून नळीनं जोडलेल्या इंजेक्शनच्या दोन पिचकाऱ्या काढल्या, एक बारीक, एक जाड, दोन्हींत तेल. जाड पिचकारीच्या दट्ट्यावर पोह्यांची भरली बशी ठेवली आणि बारकीचा दट्टा एका बोटानं दाबला. बशी वर आली. बोटभर दाबावं तेव्हा नखभर उचलतं, पण उचलतं ते जड, असं ते समजावत असतानाच नळी सुटली आणि व्याह्यांचा पांढरा सदरा तेलानं भिजला. सोयरीक मोडली नाही, हे आमचं नशीब.

तेलानं उचललेल्या कुठल्याही वस्तूखाली बाभळीचे ठोकळे लावल्याशिवाय साडू तिच्या जवळ जात नाहीत. ठोकळे कायम जीपमध्ये. न्हाव्याची खुर्चीसुद्धा तेलावर वर जाते हे कळल्यापासून तिच्याखाली ठोकळा सारूनच ते मान पुढे करतात. सगळे हसतात, मीही हसायचो. त्यांचा भाऊ उचललेल्या ट्रॉलीखाली ग्रीस द्यायला गेला, पाइप फुटला आणि तो परत बाहेर आला नाही, हे मला बायकोकडून कळलं. साडू स्वतः ते कधीच बोलत नाहीत.

लग्न राजुरीला होतं. नवरा-नवरीनं फुलांच्या पाळण्यासारख्या फळीवर उभं राहून धुरातून वर जायचं, अशी पोरांची हौस. सकाळीच साडू कडक इस्त्रीच्या कपड्यांत त्या फळीखाली वाकून पाहून आले आणि चारचौघांत मला म्हणाले, "भाऊ, ह्यो मुरमाच्या ट्रॉलीचा सिलिंडर हाय. पोरीला वर चढवू नका." मी आधीच कावलेला. हे तुमचं शेड नाही, असं काहीतरी तोडून बोललो. त्यांनी जीपमधून ठोकळे आणले आणि फुलांच्या पडद्याआड जाऊन बसले. फळी वर जाईल तशी लांब आकडीनं खाली ठोकळ्यांची चळत रचत राहिले.

फळी दीड पुरुष वर गेली, टाळ्या झाल्या, आणि ती खाली येईना. डेकोरेशनवाल्यानं व्हॉल्व्ह पार सोडला तरी ढिम्म. मग ती एका बाजूला किंचित कलली. लेकीनं नवऱ्याची बाही घट्ट धरली आणि वरून माझ्याकडे पाहिलं. डेकोरेशनवाला पाना घेऊन पाइप सोडायला धावला, तसा साडूंनी त्याचं मनगट धरलं.

"हात लावू नको. ह्यो सिलिंडर वर जातो तेलानं, पर खाली येतो वजनानं. ट्रॉली लोखंडाची असती, ही दोन पोरं फुलावानी. वजन पायजे."

मुहूर्त टळायला आला होता. दोन्हीकडचे मामा, दोघेही भरल्या अंगाचे, फेट्यांसकट शिडीवरून वर चढवण्यात आले. ट्रॉलीभर मुरूम पेलणाऱ्याला दोन मामा जड नाहीत, असं साडूंनी त्यांना बजावलं. फळी कुरकुरली आणि हलली. साडू बाजूला बसून एक ठोकळा आकडीनं ओढायचे, व्हॉल्व्ह जरासा सोडायचे, फळी पुढच्या ठोकळ्याजवळ आली की बंद करायचे. असं ठोकळ्याठोकळ्यानं माझी लेक जमिनीकडे आली. लोकांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी आनंदानं अक्षता टाकल्या, त्या मामांच्या फेट्यांवर पडल्या. एवढं हायसं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

ती उतरली ती थेट साडूंच्या पाया पडली. त्यांनी तेलकट हात पाठीमागे लपवले, शालूला डाग लागू नये म्हणून. मग खाली बघत म्हणाले, "लई हलकी हायेस गं पोरी. तिकडं पोटभर खात जा."

मी त्यांची माफी मागितली, ती त्यांनी ऐकलीच नाही. ते ठोकळे मोजत होते. संध्याकाळी पाठवणीला लेकीला काय काय सांगायचं, ते मी महिनाभर मनात जुळवलं होतं. ती गळ्यात पडली तेव्हा त्यातलं काहीच आठवेना. पोटभर खात जा, एवढंच म्हणावं म्हटलं, तर तेही माझ्या तोंडून निघालं नाही.