लाल कोपऱ्यातला मी

आमच्या शेजारच्या काकांइतका न्यायप्रिय मनुष्य अख्ख्या गारखेड्यात सापडणार नाही. आणि इतका एकतर्फी न्याय करणाराही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी आयुष्यात कुणावर हात उगारलेला नाही. भिंतीवर पाल दिसली तरी ते काकूंना हाक मारतात. परंतु मुष्टियुद्धाविषयी त्यांचा शब्द अंतिम असतो, आणि जगातले प्रत्येक भांडण त्यांना फेऱ्यांमध्येच दिसते. पाणी येण्याच्या दिवशी नळाला मोटार लावण्यावरून गल्लीत दोन घरांचे वाजले, तेव्हा आम्ही सारे मध्यस्थीला धावलो. काका मात्र गॅलरीतून शांतपणे म्हणाले, "पहिली फेरी डाव्या घराची. दुसरीत दम संपला त्यांचा." तेव्हापासून दोन्ही घरे त्यांच्याशी बोलत नाहीत. हा ते आपल्या निःपक्षपातीपणाचा पुरावा मानतात.

या न्यायबुद्धीला एकच जखम होती. हर्सूलला राहणारी त्यांची पुतणी राज्य स्पर्धेच्या अंतिम लढतीत, निळ्या कोपऱ्यातून खेळताना, पाचांपैकी तीन पंचांच्या मताने हरली. ते तिघे चुकले, हे मत काकांनी घरी आलेल्या प्रत्येकास, सिलिंडर आणणाऱ्यासही, ऐकवले होते. नुसते ऐकवले नव्हते, करून दाखवले होते. दिवाणखान्यातील सतरंजी हे रिंगण. काका स्वतः पुतणी होत, आणि समोरच्या लाल कोपऱ्यात सापडेल तो पाहुणा. माझा स्वभाव भिडस्त असल्याने लाल कोपरा हळूहळू माझ्याच नावावर झाला.

"सर, हात वर! ती पोरगी लई उंच होती," असे म्हणून ते माझे कोपर उचलत, आणि एक ठोसा अत्यंत अदबीने माझ्या खांद्यापाशी आणून थांबवत.

"लागला का नाय?"

"लागला."

"बघा! तुम्हाला कळतंय, पंचाला नाय कळत. सरासर नाइन्साफी!"

मग ते स्वतःच पंच होऊन स्वतःचाच हात उंचावत. आतून काकू म्हणत, "जिंकली असंल तर कोथिंबीर घेऊन या आता."

एके दिवशी मी असा हात वर करून उभा असतानाच पुतणी दारात आली. काकांना आनंद मावेना. "ये, तूच सांग सरांना!"

तिने चप्पल काढली, पण ती सतरंजीवर आली नाही. "काका, मी हरले होते."

"व्हय, पण तीन पंचांनी..."

"तिसऱ्या फेरीत माझे पाय संपले होते. तिचे दोन ठोसे नीट बसले मला. तुमच्या या खेळात ते येतच नाहीत." तिचा आवाज चढला नव्हता. "मी आता मुकुंदवाडीला पोरींना शिकवते. पोरगी हरली की घरचे म्हणतात, पंच चोर. मग ती शिकत नाय काही. त्यांना मी काय सांगू, माझ्याच घरी हे चाललंय म्हणून? पुरे करा ना, काका."

माझे हात अजून वरच होते. ते खाली कधी घ्यावेत, हे मला कुणी सांगितले नव्हते. काका सतरंजीच्या मधोमध उभे राहिले. मग माझ्याकडे आले, माझे मनगट धरले आणि हात उंच केला.

"लाल," ते म्हणाले.

त्या घरातला हा माझा पहिला विजय. त्याबद्दल माझे अभिनंदन कुणी केले नाही. पुतणीने काकांच्या पाया पडून सतरंजीची घडी घातली.

आता मी गेलो की चहा येतो, पाणी कधी सुटणार यावर बोलणे होते, आणि गल्लीतल्या भांडणांचा निकालही लागत नाही. परवा मी, कधी नव्हे ते धाडस करून, उठून नेहमीच्या जागी उभा राहिलो आणि हात वर धरले. काका खुर्चीतून उठले. मग जवळ आले.

"उजवं कोपर खाली येतंय, सर," ते म्हणाले. ते हलकेच नीट केले, आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले.