अतालोमाची शिफारस

भर समुद्रातल्या आमच्या छोट्याशा बेटावर, लाकेपा गावात, संध्याकाळी दिवा लागतो अशी घरं आता फार थोडी. बाकीची माणसं ऑकलंडला गेली, काही ब्रिस्बेनला. जाताना दाराला कुलूप लावावं असंही कुणाला वाटलं नाही. चोरायला मागे उरलंय कोण? खिडक्यांतून वेली आत शिरल्या, छपरं खचली. अंगणातल्या थडग्यांना मात्र कुणीतरी नातलग सुट्टीत येऊन चुना मारून जातो, त्यामुळे गावात सगळ्यात पांढरीशुभ्र दिसतात ती थडगीच.

या गावाच्या टोकाला अतालोमा राहायची. जन्मभर बेटावरच्या मुख्य गावात, आलोफीच्या शाळेत, लहान मुलांना शिकवलं. नवरा वारला, दोन्ही मुलगे ऑकलंडला. ते आईला दर नाताळला म्हणत, "चल ना आमच्याकडे," आणि ती दर नाताळला म्हणे, "अळू लावलाय, तो निघाला की येते." अळूचे कंद निघायचे, ती नवे लावायची. एकटीच्या जेवणाला किती अळू लागतो? उरलेला ती पाद्रीबाबांच्या घरी पोचवायची, आणि तो परत येताना ताकिही होऊन यायचा: पपईच्या चकत्यांबरोबर, नारळाच्या दुधात भाजलेला. मग तेवढा एक दिवस तिच्या घरात दुसऱ्याच्या हातची चव असायची.

असं एकटं राहायची सवय तिला आधीपासून होती असं नाही. मालियांगा होती तेव्हा दिवस कसा जायचा कळायचंही नाही.

मालियांगा तिची चुलतबहीण. शेजारचंच घर. शाळेत ती कधी रमली नाही, पण हातात पेन्सिल आली की माणूस बदलून जायचा. अतालोमा निवृत्त झाली तेव्हा तिच्या मनाला एक गोष्ट खात होती. मुलांना वाचायला आमच्या भाषेत पुस्तकंच नव्हती. होती ती सगळी इंग्रजी. त्यात बर्फ, ससे आणि आगगाड्या. मग या दोघी बसल्या. अतालोमा गोष्ट सांगायची, मालियांगा चित्रं काढायची. पहिलं पुस्तक ऊंगाचं, म्हणजे माडावर चढून नारळ फोडणाऱ्या आमच्या भल्याथोरल्या खेकड्याचं. मालियांगाच्या नवऱ्याने तो खेकडा रात्रभर रानात फिरून पकडून आणला होता, खायला. हिने तो टोपलीखाली झाकून ठेवला आणि चित्र पुरं होईस्तोवर चुलीवर चढू दिला नाही. नवरा भुकेने वैतागला. "बाई गं, त्याचा फोटो काढ आणि मला जेवू दे!" ही म्हणाली, "फोटोत तो चिडलेला दिसत नाही. थांब."

खेकडा झाला, मग देवमासा, मग वादळात उडालेलं छप्पर, मग नातवाचे केस पहिल्यांदा कापायच्या सोहळ्यातलं आजीचं भाषण. शिक्षण खात्यात तेव्हा तालाईती नावाचा अधिकारी होता, अतालोमाचाच जुना विद्यार्थी. त्याने सुचवलं, "बाई, ही पुस्तकं इंटरनेटवर मोकळी ठेवू या. कुणीही घ्यावीत, छापावीत, आपल्या भाषेत बदलून घ्यावीत. पैसे नकोत, परवानगी नको. फक्त तुमचं नाव द्यायचं." अतालोमाला ते मनापासून पटलं. ऑकलंडमध्ये वाढणाऱ्या आमच्या मुलांना तरी आपली भाषा दिसेल. कागदावर सही तिने केली, दोघींच्या वतीने. मालियांगाला विचारलं होतं, नाही असं नाही. ती अंगणात कपडे वाळत घालत होती, हिने कुंपणावरून हाक मारली, "अगं, पुस्तकं सगळ्यांना फुकट द्यायची आहेत, देऊ ना?" ती तोंडातला चिमटा न काढताच "दे की" म्हणाली. एवढंच विचारणं झालं होतं.

पुढे दोनेक वर्षांनी मालियांगाचा भाऊ ऑकलंडहून आला आणि भेट म्हणून भांडी पुसायची फडकी घेऊन आला. चांगली जाड, सुती. त्यावर ऊंगा. टोपलीखालचा, चिडलेला, तोच. कुठल्याशा दुकानदाराने तो पुस्तकातून उचलला होता आणि खाली, शिवणीजवळ, मुंगीएवढ्या अक्षरांत मालियांगाचं नाव छापलं होतं.

मालियांगा ते फडकं घेऊन कुंपण ओलांडून आली.

"हे बघ. लोक माझ्या खेकड्याने ताटं पुसतात."

अतालोमाने फडकं उलटसुलट करून पाहिलं. आणि त्या वेळी तिच्या तोंडून जे गेलं ते असं: "नाव दिलंय ना पण तुझं. नियमाप्रमाणेच केलंय त्याने."

मालियांगाने फडकं तिच्या हातून परत घेतलं. मग म्हणाली, "नियम तुला ठाऊक होता. मला नव्हता."

त्यानंतर कुंपणावरून हाका मारणं बंद झालं. भांडण असं झालंच नाही. भांडण झालं असतं तर मिटलंही असतं. देवळात दोघी एकाच बाकावर बसायच्या, कारण बाक घराण्याचा होता, आणि प्रार्थनागीतांच्या एकाच पुस्तकातून गायच्या. वर्षभरात मालियांगाचा नवरा गेला, तिची साखर वाढली, आणि मुलगा फापोई तिला ऑकलंडला न्यायला आला. आमच्याकडे कुणी जाणार म्हटलं की अख्खं गाव विमानतळावर लोटतं. अतालोमाही गेली. मालियांगाने सगळ्यांना मिठ्या मारल्या, रडली, हसली. अतालोमाच्या गालाला तिने गाल लावला, तो कोरडा होता.

त्यानंतरची चार वर्षं अतालोमाने एकही गोष्ट लिहिली नाही. सांगायची कुणाला?

मग एका सकाळी तालाईतीची गाडी अंगणात आली. मुक्त शिक्षणाचे, म्हणजे अशा सगळ्यांसाठी मोकळ्या ठेवलेल्या पुस्तकांचे वगैरे पुरस्कार दिले जातात, त्यांच्यासाठी जगभरातून नावं मागवली होती. माणसांसाठी वेगळे, कामांसाठी वेगळे.

"बाई, नाव द्यायचं आहे."

"कुणाचं?"

"तुमचं! स्वतःचं स्वतः दिलं तरी चालतं, तसं लिहिलंय."

"स्वतःच्या पाठीवर स्वतःच थाप मारू? हात पोचत नाही माझा." तिने त्याच्यापुढे शहाळं ठेवलं. मग बाहेर पाहिलं. शेजारच्या घराची पायरी वेलीत बुडाली होती. "मालियांगाचं देऊ," ती म्हणाली. "मुलं पुस्तकं उघडत ती चित्रांसाठी. माझी अक्षरं नंतर."

तालाईतीने मान खाली घातली. त्याला सगळं ठाऊक होतं; एवढ्याशा बेटावर कुणाला ठाऊक नसणार? "बाई, त्यांची संमती लागेल. त्याशिवाय घेत नाहीत."

"लागणारच," ती म्हणाली.

पण फोन तिने लगेच केला नाही. आधी शिफारस लिहायला घेतली. आमच्या भाषेत लिहायची, मग इंग्रजीत करायची. पहिल्या दिवशी लिहिलं ते तिचं तिलाच मयताच्या भाषणासारखं वाटलं. फाडून टाकलं. मग तिने पुस्तकं काढली आणि चित्रं पुन्हा एकेक करून पाहिली, अगदी पहिल्यांदा बघावी तशी. देवमाशाच्या पाठीवरचे ओरखडे. वादळाच्या चित्रात पळणाऱ्या बाईच्या हातात मूल नव्हतं, भांडं होतं, आणि ते बघून वर्गातली पोरं ओरडायची, "ही आमची आजी!" हे सगळं ती शब्दांत उतरवू लागली. तालाईतीनेही चौकशी करून माहिती आणली. ऑकलंडमधल्या मांगेरेच्या बालवाडीत ऊंगाचं पुस्तक फाटेपर्यंत वाचतात. टॉरेस सामुद्रधुनीतल्या एका बेटावर वारिया नावाच्या मास्तरने त्यात आपल्या भाषेतली गोष्ट घातली, आणि तिथली पोरं आता त्या खेकड्याला आपलाच खेकडा समजतात. अतालोमा ते ऐकून हसली, आणि हे सांगायला मान कुंपणाकडे वळली. मग तिला भान आलं.

शेवटी एका शनिवारी सकाळी तिने फोन लावला. फापोईने उचलला आणि आईपुढे धरला. पडद्यावर मालियांगा दिसली. लोकरीची टोपी, अंगात दोन स्वेटर, चेहरा उतरलेला.

"कोण मेलं?" तिने विचारलं.

"कुणी नाही."

"मग फोन कशाला केलास?"

अतालोमाला हसू आलं आणि रडूही. "तुझं नाव द्यायचंय. पुरस्कारासाठी. चित्रांच्या."

"कुठल्या चित्रांच्या? फडक्यावरच्या?"

"पुस्तकांतल्या."

"मग त्या फडकेवाल्याचं नाव दे. त्याने नियमाप्रमाणे केलंय."

इतकी वर्षं जपून ठेवलेलं वाक्य होतं ते. अतालोमाने ते ऐकून घेतलं. मागे फापोई कानकोंडा होऊन म्हणाला, "आई, असं काय..." मालियांगा त्याला म्हणाली, "तू चहा कर."

"मी तुला धड विचारलं नव्हतं," अतालोमा म्हणाली. "तुझ्या तोंडात चिमटा होता, आणि मला घाई होती. मला हो हवं होतं, म्हणून मी तसंच विचारलं. आज धड विचारतेय. आधी काय लिहिलंय ते ऐक, मग हो म्हण, नाही म्हण."

आणि तिने वाचून दाखवलं. टोपलीखालचा खेकडा, उपाशी नवरा, भांडं घेऊन पळणारी आजी, टॉरेसची पोरं. मालियांगा खाली बघून ऐकत होती. मधे एकदा म्हणाली, "उपाशी नव्हता तो. केळी खाल्ली होती त्याने." वाचून संपल्यावर अतालोमाने कागदाची घडी घातली.

"एवढं तेव्हा बोलली असतीस तर," मालियांगा म्हणाली.

"हो."

"छान लिहिलंयस. पण माझं नाव नको, ताला." अतालोमाला लहानपणी मारायची ती हाक होती. "रागाने नाही म्हणत. माझं नाव एकदा मला न विचारता फिरून आलंय, आता त्याला घरी राहू दे. पुस्तकांचं दे. पुस्तकं मुलांची आहेत, त्यांना बक्षीस मिळो."

"बरं."

"माझ्या घराचं काय झालं?"

अतालोमाने कुंपणापलीकडे एकवार पाहिलं. "पायरी दिसत नाही आता."

"दिसून तरी कोण चढणार आहे," मालियांगा म्हणाली. मग फापोई चहा घेऊन आला आणि बोलणं थांबलं.

शिफारस पुस्तकांच्या नावाने गेली. पुरस्कार मिळाला नाही. विशेष उल्लेख झाला. तालाईतीच्या कचेरीत बसून अतालोमाने तो समारंभ पडद्यावर पाहिला. कुणा हसऱ्या बाईने आमच्या बेटाचं नाव चुकीचं उच्चारलं, मग पुस्तकाचं त्याहून चुकीचं उच्चारलं, आणि पुढच्या नावाकडे वळली. तालाईतीने जोरात टाळ्या वाजवल्या. खोलीत ते दोघंच होते, त्यामुळे त्या टाळ्या फार मोठ्या वाटल्या. रविवारी पाद्रीबाबांनी देवळात जाहीर केलं, बायकांनी मिठ्या मारल्या, डुक्कर भाजलं. अतालोमाने मालियांगाला निरोप पाठवला. उत्तर आलं, "चांगलं झालं." दोनच शब्द. तिने ते दिवसभरात पुन्हा पुन्हा उघडून पाहिले.

त्यानंतर दोघींचं बोलणं कधीमधी व्हायचं. फार नाही. मालियांगा दमायची, अर्ध्या वाक्यात फोन फापोईच्या हाती द्यायची. पुढच्या थंडीत ती गेली, झोपेत.

फापोईने आईला घरी आणलं. शुक्रवारच्या विमानातून पेटी उतरली, आणि तिला निरोप द्यायला जमलं होतं तेवढंच गाव पुन्हा विमानतळावर जमलं. नवऱ्याशेजारी, अंगणातच जागा होती. पेटी आत न्यायला आधी वेल तोडून पायरी मोकळी करावी लागली. कोयता अतालोमाने चालवला; तरुण माणसं "द्या इकडे, बाई," म्हणत होती, तिने दिला नाही.

सगळं आटोपल्यावर फापोई तिच्या ओट्यावर येऊन बसला. परत जायचं विमान दोन दिवसांवर होतं.

"मावशी, तालाईती म्हणाला, यंदाची नावं मागवलीत. गेलेल्या माणसाचंही देता येतं म्हणे, घरच्यांनी हो म्हटलं की झालं. मी हो म्हणतो. आईचं नाव द्या. ते लिहिलेलं आहेच ना तुमच्याकडे?"

"आहे."

"मग? आता नाही म्हणायला कोण आहे?"

"ती म्हणालीय," अतालोमा म्हणाली.

"तेव्हा ती..."

"मी धड विचारलं होतं, फापोई. तिने धड सांगितलं."

पोराचे डोळे भरून आले. त्याला आईसाठी काहीतरी करायचं होतं, आणि करण्यासारखं काही उरलं नव्हतं. अतालोमाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग आत जाऊन तो लिहिलेला कागद आणून त्याला दिला. "हे तुझ्याकडे असू दे. पोरांना वाचून दाखव. तुझा बाप केळी खाऊन बसला होता, तेही सांग. ते मी लिहिलेलं नाही." तो दोन दिवस राहिला, घराची गळती थोडी बुजवली आणि गेला. त्याचं विमान वर चढताना अतालोमा विमानतळाच्या कुंपणाच्या तारेला धरून उभी होती. सगळे पांगले तरी उभी होती.

त्या वर्षी तिने वारिया मास्तरचं नाव दिलं. आधी फोन केला, काय लिहिणार ते सविस्तर सांगितलं, त्याच्या तोंडात काही नाही ना हे पाहून मग विचारलं. तो इतका संकोचला की त्याला हो म्हणायलाच आठवडा लागला. ती थांबली. आणि थांबायचंच आहे म्हणून तिने दरम्यान एक नवी गोष्ट लिहायला घेतली. चित्रांसाठी प्रत्येक पानावर वरची अर्धी जागा कोरी सोडत गेली.