हात लागला म्हणे

सरपंचाच्या पोरानं माझ्या बापाच्या कानाखाली वाजवली. यात्रेत, भर उन्हात, देवाच्या काठीच्या मिरवणुकीपुढं. बापाची हलगी फुफाट्यात पडली. का? तर बाप वाजवायचा थांबला. सकाळपासून वाजवून बोटं सुजली होती, म्हणून म्हणाला, "दादा, जरा दम खातो."

"तुला थांबायला कुनी सांगितलं रं?"

तो पोरगा माझ्याहून धाकटा. आमच्या वस्तीनं वाजवायचं, त्यांनी नाचायचं, हे आधीपासूनचं. मी सुप्याला कंपनीत कामाला, यात्रेपुरती रजा काढून आलेली. समोरच उभी होते.

दुसऱ्या दिवशी पारावर बैठक बसली. आणि काय सांगू, त्या थपडेचं एकेकानं काय काय केलं! पोलीस पाटील म्हणाले, "गर्दीत हात लागला." सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "तरणं रक्त हाय, चेष्टा केली आसंल." गुरुजी म्हणाले, "गैरसमज झाला." गुरुजी! मला वाचायला यांनीच शिकवलेलं. शेवटी सरपंच बापाकडं वळले. "काय रं, तूच सांग."

बापानं मान खाली घातली. "माजाच पाय सरकला, मालक."

थप्पड बसली तेव्हाही इतकं वाईट वाटलं नव्हतं. 

मग टॉवेल-टोपी आणली. आमच्याकडं भांडण असंच मिटवतात. ज्यानं मारलं त्यानं मार खाल्लेल्याला टोपी घालायची, सगळ्यांनी चहा प्यायचा, झालं. पोरगा हसत पुढं आला. बापानं डोकं वाकवलं.

मी मध्ये शिरले. टोपी हिसकावली. म्हणाले, "आधी 'मारलं' म्हण. चारचौघांत मारलंस, चारचौघांत म्हण."

"आगं, येवढ्याशा गोष्टीचा बाऊ करू नगं," चेअरमन म्हणाले.

"तुमच्या कानाखाली बसली असती, तर येवढीशीच असती का?"

 पोरगा काही 'मारलं' म्हणाला नाही. बैठक उठली.

घरी बाप माझ्याकडं पाठ करून बसला. जेवलाही नाही. आई म्हणाली, "तू जाशील सुप्याला. आमाला हितंच ऱ्हायचंय." तिचं खोटं नाही. उद्या यांना कामाला कोण बोलवणार? दळण तरी कोण दळून देणार? मला भीती वाटते. लई वाटते.

तरी सकाळच्या गाडीनं मी जामखेडला चाललेय, पोलीस ठाण्यात. बाप येणार नाही. मी बघितलंय, मी सांगणार. तिथंही कुणीतरी म्हणेल, ताई, किरकोळ आहे, समजुतीनं घ्या. म्हणू दे. 'मारलं' असं लिहून घेतल्याशिवाय मी तिथनं उठणार नाही.