थरथरत्या फरशीवर ट्रायपॉड

रतनदादाचा फोन आला तेव्हा मी ट्रायपॉडचे पाय पुसत बसलो होतो. दादा माझा मामेभाऊ. गाव पारोळ्याजवळचं, पण सत्तावीस वर्षं सुरतेत बमरोलीला लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवतो. म्हणाला, "भाऊ, मशीनी भंगारमा जाई राहिन्यात. चालू मशीनवर मना एक फोटो काढी दे. इतला वरीसमा एकबी नही." लूमच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात, आणि दादाच्या खात्यात मोबाइल बाहेर काढायलाच बंदी. त्याने शेठच्या मागे लागून एका तासाची परवानगी मिळवली होती. पुढच्या महिन्यापासून तो कडोदऱ्याला एका मिलच्या गेटवर वॉचमन म्हणून बसणार होता.

माझ्याबद्दल थोडं सांगतो. जळगावला बँकेत अधिकारी, सुट्टीच्या दिवशी फोटोग्राफर, आणि आमच्या ग्रुपवर शार्पनेसचा ठेकेदार. कुणी हातात कॅमेरा धरून काढलेला फोटो टाकला की मी खाली लिहितो, 'छान. भूकंप होता का?' लोक दुखावतात. मला मजा येते.

जळगावहून सुरतेला ताप्तीलाइनची गाडी सोयीची. स्लीपरचं तिकीट दोन-सव्वादोनशे, डबा घरून न्या, कारण गाडीतल्या वड्याला बटाटा नुसता दाखवलेला असतो. नवापूर स्टेशनात अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. तिथे गाडी थांबली की अर्धा डबा खाली उतरून सीमारेषेवर एक-एक पाय ठेवतो आणि मोबाइल हातात थरथरवत सेल्फी काढतो. मी ट्रायपॉड घेऊन उतरलो. तिसरा पाय उघडेपर्यंत शिट्टी झाली आणि मला तीन पायांसकट पळत डबा गाठावा लागला. समोरच्या काकू म्हणाल्या, "मोजणीवाले का तुम्ही?" अशा लोकांना एक्सपोजर समजावत बसण्यात अर्थ नसतो.

बमरोलीला जायचं तर सुरत स्टेशनापर्यंत जाऊ नका, उधन्याला उतरा. बाहेर शेअर रिक्षा मिळते. रिक्षावाला ट्रायपॉडचं वेगळं भाडं मागतो, देऊ नका. सुनीतावहिनीने कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. दादा इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसला होता. कामाला जाताना त्याने आयुष्यात पहिल्यांदा इस्त्री केली, असं वहिनी म्हणाली.

खात्याच्या दारात शेठच्या मॅनेजरने घड्याळ दाखवलं. "एक कलाक, भाई. जल्दी करजो." एक तास पुष्कळ होता.

आत पाऊल टाकल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही, की इथे बोलता येत नाही. शेकडो धोटे एकाच वेळी इकडून तिकडे आदळत असतात. म्हणून कारीगर हातांनी बोलतात. दोन बोटं ओठांवर ठेवली की चहा, चिमूट हवेत ओढली की तार, म्हणजे धागा, तुटली, मूठ कपाळाला लावली की शेठ आला. दादा या भाषेत सराईत होता. घरी दोन वाक्यांपलीकडे न बोलणारा हा माणूस तिथे एका रांगेतून दुसऱ्या रांगेत हातवारे करून चक्क विनोद करत होता, आणि पलीकडचे हसत होते. ते बघून मला फार बरं वाटलं.

मी ट्रायपॉड उभा केला. ट्यूबलाइटचा मळका उजेड, म्हणून शटर अर्धा सेकंद, आयएसओ शंभर. हातात धरणारे इथे आयएसओ तीन हजारावर नेतात आणि फोटोत ठिपक्यांचा रवा पेरतात. मला ते नको होतं. धोटा रेशमाच्या रेघेसारखा यावा आणि दादा दगडासारखा स्थिर, असा माझा बेत.

तेवढ्यात दादा पुढे आला. त्याने ट्रायपॉडच्या पायावर तळवा ठेवला, क्षणभर थांबला, मग तोच तळवा माझ्यासमोर धरून थरथरवला. फरशीकडे बोट केलं. मग दोन्ही मुठी छातीशी घेऊन कॅमेरा धरल्याची खूण केली. तार तुटायच्या आधी नुसत्या स्पर्शाने ओळखणारा माणूस मला सांगत होता, की फरशी हलतेय, तुझी घोडी हलतेय, हातात धर.

मला सगळं समजलं होतं. मी हसून त्याला हातानेच 'तू आपला उभा राहा' असं सांगितलं. आठ हजारांचा कार्बन फायबरचा ट्रायपॉड मला लूमवाला शिकवणार! तो गुमान मशीनपाशी गेला. मी चाळीस फोटो काढले. मागच्या छोट्या पडद्यावर झकास दिसत होते. मोठे करून बघितले नाहीत. ट्रायपॉडवरचा फोटो तपासायचा म्हणजे आपणच आपल्यावर संशय घ्यायचा, असं मी नवशिक्यांना सांगत आलोय. तास भरायच्या आधीच आम्ही बाहेर पडलो. वाटेत लोचो खाल्ला. सुरतेत लोचो खाच, वाफाळता, वरून तेल आणि शेव. आजूबाजूचे लोक त्याचेही हलते फोटो काढत होते आणि मी त्यांना मनसोक्त नावं ठेवली.

संध्याकाळी लॅपटॉप उघडला. दादा, वहिनी, शेजारची दोन माणसं, सगळे खाटेवर दाटीवाटीने बसलेले. पहिला फोटो मोठा केला. दुसरा. दहावा. चाळिसावा. मशीन दोन-दोन दिसत होत्या, आणि दादाच्या जागी इस्त्रीच्या शर्टाचा पांढरा धब्बा.

दादा वाकून नीट बघत होता. "यामा मी कोनता?" त्याने विचारलं. टोमणा मारायची त्याची सवय नाही. त्याला खरंच ओळखता येत नव्हतं.

वहिनीची मात्र होती. "हातमा धरीसन एक काढता, तं काय व्हतं?"

काय होणार होतं? अंगाने धक्का शोषला असता, शटर दोनशेपन्नासावर नेलं असतं, थोडा रवा आला असता, आणि रवाळ का होईना, चालू मशीनवर रतनदादा आला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं. पुस्तकी ज्ञानात मी कमी नाहीच. कमी होती ती लूमवाल्याचं ऐकायची दानत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅनेजरच्या हातापाया पडलो. तो म्हणाला, जा, आता कोण अडवतंय. दादाला घेऊन आत गेलो तर शांतता. पहाटे ताण्याच्या सुताचे शेवटचे बीम संपले होते आणि वीज तोडली होती. टोकाच्या दोन मशीन खोलायला माणसं घण घेऊन आली होती. पहिल्यांदाच त्या जागेत दादाचा आवाज ऐकू आला. "काढी ले आते," तो म्हणाला.

ट्रायपॉडला याहून चांगली फरशी मिळाली नसती.

तुम्ही जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: लूमचं खातं, हलता पूल, गाडीचा डबा, जिथे पायाखालची जमीनच हलते तिथे तिपाई घरी ठेवा. ग्रुपवर मी हे अजून लिहिलेलं नाही. तिथे माझी इज्जत आहे.

जळगावला आल्यावर मोठी प्रिंट काढून, फ्रेम करून पाठवली. दादाचा फोन आला. "चांगला उना भाऊ. बठं दखास." सगळं दिसतं, हे खरंच आहे. एकेक स्क्रू मोजता येतो, धोट्यावरचा चरा दिसतो, शर्टाची घडी दिसते. बंद मशीनसमोर उभ्या दादाला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं, आणि तेही अगदी शार्प आलंय.