पर्समधली डबी

मदुराईच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या एका खानावळीत केळीच्या पानावर गरम भात आला. समोर बसलेल्या अनोळखी बाईंनी पर्समधून डबी काढली आणि नवऱ्याच्या पानात घरची चटणी वाढली. तो बिचारा ओशाळून इकडेतिकडे बघायला लागला.

लहानपणी दक्षिणेच्या प्रवासात आईचंही हेच. सांबार कितीही फर्मास असो, तिची शेंगदाण्याची चटणी बाहेर निघायचीच. "अगं, लोक बघताहेत!" बाबा पुटपुटायचे, आणि लगेच स्वतःचं पान पुढे सरकवायचे. आई गेली, तशी ती डबीही प्रवासातून गेली.

माझी नजर त्या बाईंनी टिपली. हसून त्यांनी डबी माझ्यापुढे धरली.

लोक बघत होते. मी पान पुढे सरकवलं.