सोनूबाई जेवायला बसल्या

वाडीत लग्न असो, सत्यनारायण असो, नाहीतर कुणाच्या घरचं बारसं, वाढायला सोनूबाईंना बोलावणं ठरलेलं. पदर खोचलेला, एका हातात भाताचं पातेलं, दुसऱ्या हातात डाव, आणि नजर सगळ्या पंगतीवर. जेवणाऱ्यानं मागायच्या आधीच त्याच्या पानात भात पडलेला असायचा. कुणी हात आडवा धरलाच तर त्या बोटांच्या फटीतून वाढतील, असं लोक हसत म्हणायचे. गुहागर तालुक्यातल्या आतल्या अंगाची, कातळाच्या कडेला वसलेली ती लहानशी वाडी. तिथं सोनूबाईंची ओळख ही एवढी, आणि त्यांना ती पुरेशी होती.

त्याला कारणही होतं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा या घरातला तांदूळ आषाढातच संपायचा. मग भात पुन्हा पिकेपर्यंत नाचणीवर दिवस काढायचे. सोनूबाई आणि त्यांचे यजमान रामभाऊ, दोघांनी राबून ते दिवस मागं टाकले. तेव्हापासून पांढऱ्याशुभ्र भाताचं भरलेलं पान ही देवाचीच कृपा, असं त्या मानत आल्या.

एका शिमग्यात मात्र घात झाला. ग्रामदेवीच्या पालखीला पुढच्या दांड्याशी खांदा द्यायचा मान रामभाऊंच्या घराण्याचा. आमच्याकडं पालखी नुसती वाहून नेत नाहीत, ढोलावर नाचवतात. नाचता नाचता रामभाऊंच्या डोळ्यांपुढं अंधारी आली, गुडघा दुमडला आणि पालखी कलंडली. बाजूच्यांनी सावरली म्हणून बरं. गावकरांनी, म्हणजे गावच्या मुख्य मानकऱ्यांनी, त्यांना सावलीत बसवलं आणि हळूच म्हणाले, "रामा, पुढच्या वर्षी रितेशला खांदा देऊ दे. देवीचं काम हाय."

रितेश हा त्यांचा मुलगा, जयगडला बंदरात नोकरीला. मान काही घराबाहेर जात नव्हता. पण अजून शेतात बैलासारखं राबणाऱ्या माणसाला लोकांदेखत बाजूला बसवलं, हे रामभाऊंना फार लागलं. गुहागरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर बरीच वाढलेली निघाली. गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं, भात कमी करा म्हणाले. रामभाऊंनी एकच गोष्ट विचारली, पालखीचं काय? डॉक्टर म्हणाले, साखर आटोक्यात आली तर खुशाल नाचवा, नाहीतर मी हो म्हणणार नाही.

सोनूबाईंनी त्याच दिवसापासून घरात भात बंद केला. वाडीभर सांगून टाकलं, आमच्याकडं आता भात शिजत नाही. रामभाऊही कुरकुर न करता जेवायचे. पावसाच्या तोंडाला पुन्हा तपासायला गेले, तर साखर होती तिथंच. डॉक्टरांनी विचारलं, बाहेर कुठं खाता का? रामभाऊंचा चेहरा उतरला. सोनूबाई पुढं सरसावल्या. "डॉक्टर, माज्या हातचं सोडून हे काय खात न्हायत. देवीची शपथ."

डॉक्टरांनी त्यांना सकाळपासूनचं सगळं सांगायला सांगितलं. त्या तावातच सांगू लागल्या. सकाळी तांदळाची पेज. भूक असली तर सोबत दोन घावणे. दुपारी तांदळाची भाकरी, भूक भागत नाही म्हणून एक जास्तीची. रविवारी आंबोळ्या. बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक होत गेला. भाताचं पातेलं चुलीवरून उतरलं होतं, पण तांदूळ घराबाहेर गेलाच नव्हता. त्यांच्या डोक्यात भात म्हणजे डावानं वाढायचा तो. पेज काय, घावणे काय, ते कधी भातात धरलेच नव्हते कुणी. डॉक्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, तुमच्यासारखी पुष्कळ घरं आहेत, यातूनही वाट निघेल.

वाट नाचणीची होती, आणि तिथंच सगळं अडलं. पहिल्या दिवशी पानात काळपट भाकरी बघितल्यावर रामभाऊंनी ताट सरकवलं. सुनेनं, मनस्वीनं, युक्ती सुचवली, की आई, तांदळाच्या पिठात थोडी थोडी नाचणी मिसळूया, बाबांना कळणारसुद्धा नाही. सोनूबाईंना ते पटेना. नवऱ्याला फसवून खाऊ घालणं त्यांच्या देवाला रुचलं नसतं. आणि दुसरं असं, की ताट का सरकलं ते त्यांना कळलं होतं. चवीचं काहीच नव्हतं त्यात. रामभाऊंना त्या भाकरीत आषाढ दिसत होता, रिकामा कणगा दिसत होता, आणि दुसऱ्याच्या दारात उसने तांदूळ मागायला उभा राहिलेला बाप दिसत होता. असल्या आठवणीला नाचणीत लोह किती नि काय किती ते सांगून काय उपयोग?

दोन दिवस त्या देवापुढं दिवा लावताना जरा जास्त वेळ बसायच्या. तिसऱ्या दिवशी भातलावणीहून भिजून आल्यावर त्यांनी रामभाऊंचं पान मांडलं आणि शेजारी आपलंही मांडलं. त्या घरात बाया पुरुषांमागून जेवायच्या, तीस वर्षं तसंच चाललं होतं. रामभाऊ बघतच राहिले.

"काय गो, आज माज्याबरोबर?"

"भूक लागलीय. बसू नको काय?"

"बस की. मी कदी नको म्हटलं?"

मनस्वीनं आधी दोघांना पडवळाची भाजी आणि कुळथाची पिठी वाटीभर दिली, भाकरी मागून आणली. तसं सोनूबाईंनीच सांगून ठेवलं होतं, कारण पहिली भूक सगळ्यात मोठी असते आणि ती कशावर खर्ची पडते ते पंगतीत वाढून वाढून त्यांना चांगलं ठाऊक होतं. रामभाऊंच्या पानात तांदळाची एकच भाकरी होती, सोनूबाईंच्या पानात नाचणीची. त्यांनी तिच्यावर सुकटीची चटणी घेतली आणि लावणीतल्या गमती सांगत सावकाश खाऊ लागल्या. नाचणीचा विषयसुद्धा काढला नाही. जीव मात्र नुसता तळमळत होता. रामभाऊंचं पान रिकामं होत आलं तशी सोनूबाईंच्या हाताची बोटं आपोआप हलली. वाढायला उठायची सवय हाडांत मुरलेली. त्यांनी तो हात मांडीखाली दाबून धरला.

रामभाऊंना ते दिसलं. त्यांनी हात लांब करून सोनूबाईंच्या भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि तोंडात टाकला.

"तेव्हा चटणी नसायची," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून दोघं बरोबर जेवू लागली. आधी तुकडा, मग अर्धी, मग एक भाकरी. भाकऱ्यांची टोपली मांडीशी न ठेवता आत ठेवलेली असायची, म्हणजे जास्तीचं हवं असेल त्यानं उठून जायचं. उठण्याइतकी भूक आहे का, हे पोट तेवढ्यात सांगायचं. सकाळची पेज गेली, तिथं नाचणीची आंबील ताकातून आली. आठवड्यातून एकदा भात व्हायचा, तोही थोडा, पण राजरोस, चोरून नाही.

गणपतीत खेडहून नणंद गंगुबाई आल्या. भावाच्या पानात मूठभर भात बघून त्यांना राहवेना.

"वयनी, हात आखडला काय गो? माज्या भावाला उपाशी ठेवतंस?"

ज्या बाईची सगळी अब्रू वाढण्यात, तिला याहून मोठा टोमणा कुठला? सोनूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण डाव उचलला नाही. "वन्सं, शिमग्याला या," म्हणाल्या. बस्स.

दिवाळीनंतर साखर उतरली. माघात आणखी उतरली, आणि डॉक्टरांनी पालखीला होकार दिला. तरी गावकरांच्या मनात धाकधूक होतीच. शिमग्याला त्यांनी रितेशला दांड्यामागं उभं केलं, बाप अडखळला तर पोरानं सावरावं म्हणून.

पालखी चढ चढून वाडीत आली तेव्हा सोनूबाई ओटीचं ताट घेऊन अंगणात उभ्या होत्या, शेजारी गंगुबाई. ढोल वाजत होता, गुलाल उडत होता, आणि पुढच्या दांड्याला रामभाऊ होते. त्यांनी खांदा बदलला, उडी घेतली, पुन्हा बदलला. सोनूबाई देवीकडं बघायचं सोडून नवऱ्याच्या गुडघ्यांकडंच बघत होत्या. ते लक्षात आल्यावर त्यांनी स्वतःला दटावलं आणि हात जोडले. रितेशला हात लावायची पाळीच आली नाही.

पालखी पाटावर बसली. गावकर गाऱ्हाणं घालायला, म्हणजे घरासाठी देवीला विनवायला, उभे राहिले. गाऱ्हाण्यात घरच्या पुरुषाचं नाव घ्यायचं, ही गावची रीत. गावकरांनी रामभाऊंचं नाव घेतलं, सोनूबाईंकडं बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आनी ह्या घरची सोनूबाय, हिनं तुजा खांदेकरी तुला परत दिलान. हिच्या हाताला असंच यश दे गो आई."

"व्हय म्हाराजा," सगळं अंगण म्हणालं. त्यात गुलालानं माखलेल्या रामभाऊंचा आवाज सगळ्यांत मोठा होता.