हळद, चुना आणि आत्याची भिंत

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी विष्णुपुरीत वर्गावर शिकवत होते. दीड महिना झाला त्याला. तरी तिची आठवण निघाली की रडू येण्याआधी मला हसूच येतं... आणि त्याला कारण ती भिंत!

सुमनआत्या लोह्याजवळच्या एका गावात चित्रकला शिकवायची. नोकरीभर तिनं शाळेच्या भिंती रंगवल्या आणि दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी त्यांवर डिस्टेंपर फासलं. बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांचं एकही चित्र शिल्लक नव्हतं. "एक तरी भिंत माझ्यामागं राहिली पाहिजे," एवढाच तिचा हट्ट. जुन्या इटलीतले चितारी ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग लावत आणि चुना वाळताना तो रंग पोटात घेऊन दगड होई, असं तिनं कुठंसं वाचलं आणि आमच्या घरादाराचं स्वास्थ्य गेलं! गावच्या विहाराची आतली भिंत तिनं मागून घेतली. पिंपात सहा महिने चुना भिजवला. तो लोण्यासारखा झाला तेव्हाच हात लावला. रोज सकाळी, त्या दिवसात रंगवून होईल एवढ्याच तुकड्याला गिलावा करायचा. राहिलेलं उद्यावर ढकलायची सोयच नाही.

एका रविवारी मी मदतीला गेले. बुद्धाच्या अंगावरचं चीवर रंगवताना अर्ध्यातच रंगाची पिवळी माती संपली आणि गिलावा तर सुकत चाललेला! मी शहाणीनं शेजारून हळद आणली, आत्यानं घाईघाईत लावली. बघता बघता चीवर लालभडक! हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

"अगं, विहारात हळदीकुंकू करून राहिलो की आपण!" आत्या हसून हसून खालीच बसली.

"राहू दे ना, छान दिसतंय," मी म्हणाले.

"न्हाई. हळद चुन्यात टिकत न्हाई, मातीच टिकती. काढायचं."

आणि तिनं थापीनं दिवसभराचं काम खरवडून टाकलं. दुसऱ्या दिवशी नवा गिलावा, भोकरहून मागवलेली माती, आणि तीच उमेद! माझा मात्र खांदा आठवडाभर दुखत होता.

परवा विहारात गेले, तर झाडलोट करणाऱ्या गयाबाई ओल्या फडक्यानं ते चीवरच पुसत होत्या. मी ओरडले, "मावशी, रंग जाईल!"

"रोजच पुसते की. बाईंनीच सांगितलं हाय," त्या म्हणाल्या आणि फडकं माझ्यापुढं धरलं. नुसती धूळ होती त्यावर.

मी ते फडकं घेतलं, पाण्यात बुडवलं आणि सगळा जीव लावून ते चीवर खसाखसा घासलं... रंग जरासुद्धा हलला नाही गं, आत्या!